काचेतून ऐकलेलं हसू

विद्यापीठाच्या पोर्चमध्ये पावसाने बरीच माणसं अडकवून ठेवली होती. सकाळपासून लख्ख ऊन आणि दुपारी हा असा अवेळी, आगाऊ पाऊस... छत्री कुणाकडेच नव्हती. वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख सगळ्यांच्या मधोमध उभे होते आणि नुसतं उभं राहायची वेळ आली की त्यांना विनोद सांगायची खोड होती. त्यांनी तो सांगितला. सगळ्यांनी तो पूर्वी ऐकलेला होता. तरी सगळे हसले.

कडेच्या खांबाशी एक मुलगी उभी होती. तिच्या शेजारचा तरुणही हसला. उंच, किंचित वाकलेला, चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब. दोन्ही हातांत एक पसरट ट्रे आणि त्यात तान्ह्या बाळासारखं जपून ठेवलेलं हिरवंगार शेवाळ.

"हे मनापासून नव्हतं," ती म्हणाली.

खरं तर हे तिला मनातल्या मनात म्हणायचं होतं. पण दिवसभर तेच काम केलं की तोंडाला सवय लागते. त्याने वळून पाहिलं.

"मला म्हणालात?"

तिने जीभ चावली. पण आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही आधी श्वास घेतलात आणि मग हसलात. माणूस मनापासून हसतो तेव्हा त्याला श्वास घ्यायची सवडच मिळत नाही."

तो खाली वाकून कुजबुजला, "अहो, ते माझे साहेब आहेत. माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून अडलाय."

"म्हणूनच घशातून हसलात. पोटातून नाही."

आणि मग तो हसला... असा अचानक आणि असा खळखळून, की हातातला ट्रे हिंदकळला, शेवाळावरचं पाणी तिच्या बाहीवर उडालं आणि विभागप्रमुखांना वाटलं आपला विनोद याला आत्ता कळला. ते खूश झाले.

"आणि हे?" डोळे पुसत त्याने विचारलं.

बाही झटकत ती पावसाकडे बघत राहिली. "ह्याचा निकाल... राखून ठेवलाय," ती म्हणाली आणि पाऊस थांबायच्या आधीच पायऱ्या उतरून पळाली. आता एवढ्या पावसात पळायची काही गरज होती का? मुळीच नव्हती.

ती मानसशास्त्र विभागात पीएचडी करत होती आणि तिचा विषय होता हसणं. माणसं मनापासून हसतात किती आणि रीत म्हणून हसतात किती, आणि अनोळखी माणसाला नुसत्या आवाजावरून तो फरक कळतो का? त्यासाठी तिने केशकर्तनालयं, शिंप्यांची दुकानं, कचेऱ्यांमधल्या जेवणाच्या सुट्ट्या पालथ्या घातल्या होत्या. आधी परवानगी, मग रेकॉर्डिंग. नाव कुठेही येणार नाही हे ती प्रत्येकाला सांगे आणि मन बदललं तर हसू परत मागायची मुभाही देई. एका शिंपीणबाईंनी तिला बजावलं होतं, "देते बाई माझं हसू, पण वाया घालवू नकोस हं."

जमलेली हसणी तिने लहान लहान तुकड्यांत कापली होती. आता ती दोन माणसांनी स्वतंत्रपणे ऐकायची आणि आपापला कौल द्यायचा. एक ती स्वतः आणि दुसरं कुणीतरी, ज्याला तिच्या डोक्यातलं काहीही ठाऊक नाही. दोघांचं जमलं तर म्हणता येईल की हे एकटीच्या मनाचे खेळ नाहीत. पण इथेच घोडं पेंड खात होतं. तिची दुसरी परीक्षक नोकरी लागून दूरच्या शहरात निघून गेली होती आणि पोर्चमधल्या पावसापर्यंत तिच्या डोळ्यांपुढे दुसरं एकही नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. तो झारीने शेवाळाला पाणी घालत होता.

"माझ्याकडे एक काम आहे. पैसे मिळणार नाहीत."

"शेवाळातही मिळत नाहीत. सवय आहे."

"कंटाळलात तर कधीही सोडता येईल. कारण विचारणार नाही."

"आणि नाही कंटाळलो तर?"

ती न ऐकल्यासारखं करून पुढे म्हणाली, "मी नक्की काय शोधतेय हे विचारायचं नाही. जे ऐकाल त्याबद्दल माझ्याशी एक अवाक्षर काढायचं नाही. खोलीत नाही, खोलीबाहेर नाही, चहा पितानाही नाही."

त्याने झारी खाली ठेवली. "म्हणजे चहा आहे."

"चहा... आहे," ती म्हणाली. हे मात्र तिने ठरवून आणलेल्या अटींमध्ये नव्हतं.

ऐकण्याची खोली म्हणजे मुळात अडगळीची खोली. भिंतींना स्पंज चिकटवलेला, एक खिडकी, एक लांब टेबल आणि समोर काचेच्या दारांचं कपाट, ज्यात विभागाची बंद पडलेली यंत्रं कुणी टाकत नाही म्हणून सुखाने नांदत होती. ऐकवण्याचं यंत्र एकच होतं. म्हणून तिने त्यालाच दोन हेडफोन जोडले, टेबलाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या आणि मधे पुठ्ठ्याचा उंच आडोसा उभा केला. प्रत्येकापुढे दोन कळा. हिरवी मनापासून हसलेल्यांसाठी, पिवळी रीत पाळणाऱ्यांसाठी. आडोशामुळे एकमेकांचे हात दिसत नव्हते, कळा दाबल्याचा आवाज येत नव्हता. आपल्या व्यवस्थेवर ती बेहद्द खूश होती.

खिडकी तिच्या बाजूला होती, त्यामुळे उजेड तिच्या तोंडावर येई. ऐकताना ती डोळे मिटून घेई. तो अंधाऱ्या बाजूला गप्प बसलेला असे. मधे फक्त एक पुठ्ठा... आणि दोघांच्या कानांत एकाच वेळी कुणीतरी अनोळखी माणूस हसत असे.

बाहेर आले की जिन्यातल्या खिडकीशी चहा. हसण्याबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर बोलायला उरलेलं सगळं जग होतं. तो शेवाळाबद्दल बोले. शेवाळ किती सोशिक असतं, वर्षभर वाळून पडलं तरी दोन थेंबांनी कसं उठून बसतं, वगैरे. ती ऐकताना कप गार करून टाके.

"तुम्हाला शेवाळात एवढं काय दिसतं?"

"ते घाई करत नाही."

"तुम्ही पण करत नाही."

"मी करतो. दाखवत नाही," तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. बहुधा त्या दिवशी, ज्या दिवशी तिने त्याला हसू परत मागायला आलेल्या एका आजोबांबद्दल सांगितलं. ते हसू संशोधनातून आता वगळलेलं होतं, तेव्हा नियमात बसत होतं. एका केशकर्तनालयात दोन म्हातारे मित्र कशावरून तरी इतके हसले होते की वस्तरा हातात धरून न्हावीसुद्धा थांबला होता. तिच्याकडचं सगळ्यात सुंदर हसू. मग त्यांतले एक वारले. दुसरे विभागात आले आणि म्हणाले, ते आमचं दोघांचं होतं बाळ, ते लोकांनी तपासायला नको.

"मग?"

"मग काय... त्यांना शेवटचं एकदा ऐकवलं आणि त्यांच्यासमोर पुसून टाकलं."

"त्यावाचून तुझं अडलं नाही?"

"अडलं ना. खूप अडलं. पण ते त्यांचं होतं," ती म्हणाली.

त्याने तिच्या हातातला गार झालेला कप घेतला, ओतून टाकला आणि गरम चहा भरून आणून तिच्या हातात ठेवला. बोटांना बोटं लागली... आणि बाजूला व्हायला जरा उशीरच झाला.

ती आत्याकडे राहायची. आत्या दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायची. सगळ्या गावाचे जबडे बघून झालेले, त्यामुळे चेहरा वाचण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"आजकाल स्वयंपाकघरात गुणगुणतेस. काय भानगड आहे?"

"काही नाही गं आत्या. शेवाळाबद्दल विचार करत होते."

"शेवाळाचा विचार करून कुणाचे गाल लाल होत नाहीत," आत्या म्हणाली आणि पोळपाट धुवायला घेतला.

काम अर्ध्यावर आलं तेव्हा तिने दोघांचे कौल शेजारी शेजारी ठेवले. मॅडमच्या, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाईंच्या खोलीत. मॅडम कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. पण आकडे बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एवढा संसार केला मी, पण एवढं एकमत आमच्या घरात एकदाही झालं नाही गं."

तिला हसू आवरेना. मॅडम पुढे म्हणाल्या, "हे असंच टिकलं तर केंद्रातली जागा तुझी. माझ्याकडून लिहून घे."

त्या जागेवर तिचा सगळा डाव लागला होता. नव्याने निघालेल्या संशोधन केंद्रात एकच पद होतं. महिनाअखेर भर सभागृहात सादरीकरण, मग समितीचा निर्णय. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि बाबांशी तिचं ठरलं होतं की ही जागा मिळाली नाही तर संशोधनाचा गाशा गुंडाळायचा, घरी परतायचं आणि त्यांच्या शिकवणीवर्गात शिकवायला लागायचं. बाबा वाईट नव्हते. त्यांनी पुष्कळ वाट बघितली होती.

त्या संध्याकाळी ती हवेत तरंगत घरी गेली. आकड्यांचा आनंद होताच, पण त्याच्या तळाशी आणखी एक आनंद होता आणि तो ती कुणालाही सांगणार नव्हती. त्याला आणि आपल्याला एकसारखं ऐकू येतं! साऱ्या जगात आपल्यासारखे कान असलेला माणूस सापडावा आणि तोही असा... तिने उशीत तोंड खुपसलं.

आणि मग कपाटाची दारं सुताराने नेली.

बिजागऱ्या गंजल्या होत्या, एवढंच कारण. समोर नुसती उघडी फळ्यांची रांग आणि धूळ खाणारी यंत्रं. नेहमीसारखे दोघं बसले. पहिलं हसू वाजलं, तिने पिवळी कळ दाबली. दुसरं वाजलं, तिने हिरवी दाबली. तिसऱ्या-चौथ्यानंतर पलीकडे काहीतरी बिनसल्यासारखं तिला वाटलं. खुर्ची करकरली. तो उठला होता. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "जरा बाहेर येतेस?"

जिन्यातल्या खिडकीशी ऊन आलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बरं वाटत नाहीये का?"

"मला ऐकू येत नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे कान शाबूत आहेत. पण ते हसू खरं की खोटं... मला कळतच नाहीये. आज एकही कळलं नाही."

"दमला असशील. उद्या करू."

"नाही. आधी ऐकून घे." त्याने कठडा घट्ट धरला. "कपाटाच्या काचेत तू दिसायचीस."

"काय?"

"उजेड तुझ्या बाजूला. माझ्या बाजूला अंधार. काचेत तुझा सबंध चेहरा दिसायचा. सुरुवातीला मी नुसता... बघायचो. बघावंसं वाटायचं म्हणून. तू डोळे मिटलेली असायचीस, तुला कळायचं नाही. मग लक्षात आलं, हसू मनापासूनचं असलं की तुझ्या ओठांचा डावा कोपरा आधी हलतो. आणि खोटं असलं की भुवई वर जाते. एवढीशीच. मी मुद्दाम नाही केलं, शपथेवर सांगतो. मला वाटत राहिलं मीच ऐकतोय. पण आज काच नाही आणि मी ठार बहिरा झालोय." तो थांबला. "ते कौल माझे नाहीत. सगळे तुझेच आहेत. एकदा तुझ्या हातून, एकदा माझ्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मॅडमचा पुसलेला चष्मा, केंद्रातली जागा, बाबांचा शिकवणीवर्ग, सगळं एकापाठोपाठ एक डोळ्यांपुढून गेलं.

"आणि तू का बघायचास माझ्याकडे?" तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"हे पण सांगायला हवं?"

"हो! सगळं माझं वाटोळं केलंयस, तर निदान कारण तरी नीट सांग!"

"आवडतेस म्हणून," तो म्हणाला. "तू त्या म्हाताऱ्यांचं हसू पुसल्याचं सांगितलंस ना, त्याच्या आधीपासून. पोर्चमधल्या पावसापासून. आवडतेस."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी पुस्तकं घेऊन उतरत आलं, दोघांच्या मधून वाट काढत निघून गेलं. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले.

"म्हणजे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं की राग ते तिलाही ठरवता येत नव्हतं, "मी आवडते हे सांगायला तुला माझा अख्खा प्रबंध बुडवावा लागला?"

"गप्प बसलो असतो तर तू जिंकली असतीस. कळलं नसतं कुणाला."

"मग का नाही बसलास?"

"तुझ्यासमोर बसून रोज चहा प्यायचा होता मला. तोंड लपवून नाही पिता येत."

तिने हात वर करून त्याला थांबवलं. "आता ऐक. ह्यावर मी आज काहीही बोलणार नाही. हे काम पार पडेपर्यंत तू मला भेटायचं नाहीस, बोलायचं नाहीस, ह्या मजल्यावर फिरकायचं नाहीस. एकदा घोटाळा झाला, तो पुरे."

"आणि उत्तर?"

"काम संपल्यावर."

"हो असेल की नाही?"

"जा!" ती म्हणाली. तो गेला. आणि मग तिने पायरीवर बसून, पदवीधर बाईला शोभणार नाही असं, हुंदके देऊन रडून घेतलं.

खोटं कशाला बोला, दुसऱ्या दिवशी सकाळभर ती त्या आकड्यांसमोर बसून होती. काय देखणे आकडे होते! हात न लावता तसेच ठेवले असते तरी चाललं असतं. तो बोलणार नव्हता, मॅडमना संशय नव्हता, काचेने काही साक्ष दिली नसती. मूग गिळून गप्प बसायचं, बस. सवयीने हेडफोन कानाला लावला आणि यंत्र सुरू झालं. शिंपीणबाईंचं हसू. ठसठशीत, वर चढत जाणारं आणि शेवटी खोकल्यात संपणारं. वाया घालवू नकोस म्हणाल्या होत्या. ह्या खोट्या एकमतात ते घालणं म्हणजे वाया घालवणंच होतं. शिवाय खोलीची ती व्यवस्था कुणाची होती? दोघांना एकाच वेळी ऐकवायचं कुणी ठरवलं? उजेडाकडे तोंड करून कोण बसलं होतं? त्याने बघितलं हे खरं, पण काच तिनेच समोर ठेवली होती. तिने यंत्र बंद केलं आणि मॅडमच्या दारावर टकटक केली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ त्या पेपरवेट फिरवत राहिल्या.

"त्याचे सगळे कौल बाद?"

"सगळे, मॅडम."

"पहिल्यापासून पुन्हा?"

"पहिल्यापासून. नव्या परीक्षकाने, वेगळ्या खोलीत, एकट्याने, मी इमारतीतसुद्धा नसताना. आणि माझेही कौल मी पुन्हा देणार नाही. ते आधीचेच राहतील, जसे आहेत तसे; उरलेले तेवढे एकटीने देईन."

"वेळ पुरेल?"

"माहीत नाही. आणि आकडे किती खाली येतील तेही माहीत नाही."

मॅडमनी पेपरवेट थांबवला. "तिथे सभागृहात हे सांगणार आहेस?"

"आकड्यांच्या आधी सांगणार आहे."

"मग लाग कामाला. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" मॅडम खेकसल्या. पण ती दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाल्या, "आणि ए... मुलगा बरा दिसतोय. कुणी येऊन सांगत नाही असं."

नवा परीक्षक कोण? तिला ओळखत नसलेला, विषयाशी सुतराम संबंध नसलेला, आणि कोणत्याही कारणाने तिच्या तोंडाकडे न बघणारा. तिने गणिताच्या सरांना गाठलं. सरांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"मला हसावं लागेल का?" सरांनी विचारलं.

"नाही सर, फक्त ऐकायचं."

"मग जमेल."

सर तळघरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसून रोज मुकाट्याने हसणी ऐकत. ते बसले की ती इमारतीबाहेर पडे आणि समोरच्या बाकावर जाऊन बसे. तिथून वनस्पतिशास्त्राच्या खिडक्या दिसत. खिडकीत ट्रे दिसत, झारी धरलेला हात दिसे. तो हात कधी बाकाच्या दिशेने हलत नसे, इशारा करत नसे, आणि ह्याचाच तिला राग येई. अटी तिनेच घातल्या होत्या ना? मग पाळतोय तर चिडतेस कशाला? पण मन असं हिशेबाने चालतं तर ती शेवाळावर संशोधन करत असती. एकदा बाकाकडे जाताना त्या खिडकीतून त्याचं हसू ऐकू आलं, कुणा मित्राशी बोलताना. ती जागच्या जागी थांबली. मनापासूनचं होतं की नाही ह्याचा विचारसुद्धा आला नाही. फक्त वाटलं, हे मला रोज ऐकायचंय.

आत्याने एका सकाळी सरळच विचारलं, "भांडलीस?"

"नाही. थांबलोय."

"मग रडकं तोंड कशाला?"

"थांबवत नाही म्हणून," ती म्हणाली, आणि आत्याने तिला जवळ घेतलं.

सरांचा शेवटचा कौल सादरीकरणाच्या आदल्या दिवशी आला. तिने आकडे शेजारी शेजारी ठेवले. पूर्वीचं ते देखणं एकमत कुठल्या कुठे गेलं होतं. पण जे उरलं होतं तेही काही थोडंथोडकं नव्हतं. एक गंभीर, न हसणारा गणिती आणि ती, दोन अगदी निराळी माणसं, एकमेकांना न बघता बऱ्याच हसण्यांबद्दल एकच गोष्ट म्हणत होती. मतभेद होते, खरे मतभेद. पण एकमत होतं तेही खरंच होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

सभागृह गच्च भरलं होतं. समितीचे अध्यक्ष पुढच्या रांगेत, शेजारी मॅडम, त्यांच्यामागे गणिताचे सर. अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, तो उभा होता. काम संपलं होतं, तेव्हा यायला मनाई नव्हती.

तिने पडद्यावर आकडा लगेच लावला नाही. "आकडे दाखवायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "हे माझ्या अभ्यासातले दुसरे कौल आहेत. पहिले मी बाद केले. पहिल्या कौलांमध्ये एकमत फार जास्त होतं, ह्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण ते खोटं होतं. माझ्या खोलीच्या मांडणीत चूक होती. दुसऱ्या परीक्षकाला समोरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता आणि त्याच्याही नकळत तो माझा कौल वाचत होता. हे त्याने स्वतः येऊन सांगितलं. तो बोलला नसता तर आज मी तुमच्यासमोर फार मोठा आकडा घेऊन उभी असते आणि तो फुकाचा असता."

सभागृहात कुजबुज झाली. मग तिने आकडा लावला आणि एकेक करून सगळं समजावलं. सरांनी कुठे हिरवी दाबली, तिने कुठे पिवळी, आणि माणसं कुठे फसतात. बोलता बोलता ती रंगून गेली. तिच्या लोकांची हसणी वाजली आणि मागच्या रांगाही हसू लागल्या. गणिताच्या सरांच्या मिशांखाली काहीतरी हललं, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं.

प्रश्नांच्या वेळी अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक ओढला. भले दांडगे, भारदस्त आवाजाचे गृहस्थ.

"मला एक कळलं नाही. नुसता चेहरा बघून इतका अचूक कौल वाचायचा म्हणजे फार बारकाईने बघावं लागत असणार. त्या आधीच्या परीक्षकाचं कौशल्य काय होतं?"

"काही नाही, सर. ते शेवाळावर काम करतात."

हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत. "मग एवढ्या बारकाईने बघण्याचं कारण काय? तुमच्यात काही नातं होतं का? हितसंबंध असले तर ते जाहीर करायचे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

मॅडमनी मान खाली घातली. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढ्या माणसांत... बोलावं? पण प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाला अर्धवट उत्तर द्यायचं नाही हे तिने त्या बाकावर बसून पुरतं ठरवलेलं होतं.

"तेव्हा नव्हते, सर," ती म्हणाली. "म्हणजे त्याच्याकडून होते, पण मला माहीत नव्हते. माझ्याकडूनही असावेत, पण ते मलाच माहीत नव्हते. आता माहीत आहेत." तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "माझं त्याच्यावर प्रेम आहे. हे मी समितीसमोर जाहीर करते."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि त्या टाळीमागोमाग सगळं सभागृह उठलं. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं, पण त्यांच्या आवाजातला भारदस्तपणा आता काही केल्या जमत नव्हता.

"दुसऱ्या पक्षाला हे मान्य आहे का?"

"मान्य आहे!" दाराजवळून आवाज आला, इतका मोठा की ध्वनिक्षेपकाची गरजच पडली नाही.

"नोंद घ्या," अध्यक्ष म्हणाले.

निर्णय दुपारनंतर लागला. समितीच्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या तुटक आवाजात म्हणाल्या, "जागा तुझी. अध्यक्ष म्हणाले, आकडा लहान आहे पण त्यावर घर बांधता येईल." मग त्यांनी भर व्हरांड्यात तिला मिठी मारली आणि चष्मा वाकडा झाला तरी सोडली नाही.

बाबांना फोन लागला तेव्हा तिचे शब्द एकमेकांवर आपटत होते. पलीकडून बाबा म्हणाले, "बरं झालं. तुझ्या वर्गाची बाकं रंगवायला काढणार होतो, तो वर्ग आता दुसऱ्या कुणाला देतो." आणि त्यांचेही शब्द अडखळले.

तो पोर्चच्या पायऱ्यांवर बसला होता. ती शेजारी जाऊन बसली. इतक्या दिवसांनी इतक्या जवळ...

"ते... हो होतं ना?" त्याने विचारलं. "म्हणजे मला आपलं खात्री करून घ्यायची होती. माझं ऐकणं किती भरवशाचं आहे तुला माहीतच आहे."

"भर सभेत नोंदवून घेतलंय," ती म्हणाली आणि त्याच्या हातात हात गुंफला. "आता खोडता यायचं नाही."

समोरच्या वाटेवरून गणिताचे सर चालले होते. दोघांना तसं हातात हात घेऊन बसलेलं बघून ते थबकले, मान डोलावली आणि पुढे गेले. त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला, आणि तिने तो मुळीच सोडवून घेतला नाही.